सूरजच्या पेशी

"चोरी झालीय, पण गेलंय ते चिमूटभरसुद्धा नाही," डॉ. सौम्या म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

बेळगावच्या त्या प्रयोगशाळेत भावकूला काही उमजेना. तपासाचं डोकं मंजुश्रीबाईंचं. त्यानं आपली गाडी चालवायची आणि मान डोलवायची.

सौम्यानं समजावलं. पेशीत गोल्जी नावाचं गोदाम असतं. तयार माल तिथं बांधून ज्याच्या त्याच्या जागी पाठवतात. त्या गोदामाचे थर धरून ठेवणारं एक प्रथिन निपाणीच्या सूरजमध्ये बिघडलं होतं. पोर गेलं बिचारं. धाकट्या रूपालीलाही तोच आजार. सूरजच्या कातडीतून घेऊन बाटलीत जगवलेल्या पेशींवर तिच्यासाठी औषध शोधणं चाललं होतं, आणि त्यांचीच बाटली गायब!

"दुसऱ्या पेशी?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

"गोठवलेल्या वाढल्याच नाहीत. एवढीच तगली होती."

उबेच्या कपाटात बाकी बाटल्या जशाच्या तशा होत्या. एकीवरही नाव नाही, नुसते आकडे. खाली काळे तीळ सांडलेले.

"कुणीतरी लाडू हाणलाय बाई," भावकू म्हणाला.

सौम्याशी भांडलेला सहकारी नागेंद्र तर उसळलाच. "माझंबी नाव हाय या कामात! मी कशाला बुडवू?"

"सूरजची बाटली कोण ओळखतं?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

"आम्ही दोघं," सौम्या म्हणाली. "आणि त्याची आई, अक्काताई. तिला दाखवली होती मी. 'जित्या हायत?' म्हणाली. हो म्हटलं. काल रूपालीला तपासायला आत नेलं, तेव्हा ती इथंच बसली होती."

मंजुश्रीबाई सौम्याला घेऊन तडक निपाणीला निघाल्या.

"अक्काताई, दहाव्याला कावळा शिवला व्हता?" घरात शिरताच मंजुश्रीबाईंनी विचारलं.

"न्हाय," अक्काताई पुटपुटली.

"काम नासवायला थेंबभर विष पुरलं असतं," मंजुश्रीबाई सौम्याला म्हणाल्या. "नेणाऱ्याला तीच बाटली हवी होती. तुम्हां दोघांशिवाय ती ओळखणारी फक्त आई. आणि भावकू, तीळ लाडवाचे न्हवत रं, तिलांजलीचे."

"पदराला बांधले व्हते, सांडले," अक्काताई म्हणाली. "पोरगं काचंत अडकलंय वाटलं. वेदगंगेत सोडलं. मग पुन्यांदा पिंड ठेवला, लगेच शिवला कावळा."

भावकूला वाटलं, हे कोडं सुटलंच नसतं तर बरं झालं असतं.

"अक्काताई, त्या रूपालीसाठी ठेवल्या होत्या," सौम्या कशीबशी म्हणाली. "तुम्हांला नीट सांगायला हवं होतं मी."

अक्काताई मटकन खाली बसली. "मग आता रूपीचं कातडं घ्या की वं!"

"घेऊ. पण पुन्हा सगळं करायला वर्ष जाईल."

"तेवढं वरीस हाय व्हय तिच्याजवळ?"

सौम्या रडायलाच लागली.