पॉजवर ठेवलेला डाव

ही गोष्ट घडलेली आहे. खरी मानायची की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं. ज्या घरात घडली, तिथे ती कोणाला पटवून देण्याची हौस आता उरलेली नाही.

आणि यात रात्र नाही.

कुत्री रडत नाहीत, दिवे जात नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, खिडकी सताड उघडी असताना. खालच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीची वाफ वर येत होती. समोरच्या गॅलरीत चादरी वाळत होत्या.

त्या घरात तेव्हा दोघंच उरली होती. बाबा आणि बारकी.

बारकी म्हणजे मुलगी. एकुलती एक. मोठी कोणी नसतानाही बारकी. आता वय चाळिशीला टेकलेलं, उंची बापाच्या वर गेलेली, नोकरी छापखान्यात प्रुफं तपासायची. पण घराने एकदा बारकी म्हटलं की माणूस केस पिकले तरी बारकंच राहतं.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झालेले. आई खालच्या लॉन्ड्रीसाठी रफू करायची.

शेवटच्या वर्षी आईच्या फुप्फुसात पाणी व्हायला लागलं. काढलं की पुन्हा साठायचं. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून तिचा मुक्काम खुर्चीतच. सुई धरवेना. हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून बारकीने माळ्यावरून आपलं लहानपणीचं व्हिडिओ गेमचं मशीन काढलं.

त्यावर एकच कॅसेट चालायची. दर्यावर्दी मांजरांची.

एके काळी टीव्हीवर त्या मांजरांची कार्टून मालिका होती. दप्तरांवर मांजरं, डब्यांवर मांजरं, चपलांवर मांजरं. खेळाचा मात्र त्यांच्याशी संबंध नावापुरता. ठोकळे जुळवायचा जुनाच खेळ, त्यावर मांजरांची झूल घातलेली. पडद्यावर दोन होड्या, डावीकडे एका खेळाडूची, उजवीकडे दुसऱ्याची. होडीत खालून रंगीत ठोकळ्यांचे थर चढत राहतात. मासा, शिंपला, नांगर, चंद्र. एक चौकट फिरवत शेजारशेजारच्या ठोकळ्यांची अदलाबदल करायची. तीन सारखे ओळीत आले की ते गेले. आणि ते गेले की समोरच्याच्या होडीत वरून जड पेट्या पडतात. ज्याचा ढीग वरच्या दोरीला टेकेल, त्याची होडी बुडाली.

म्हणजे आपण तरायचं तर दुसऱ्याला दाबायचं. पोरांचा खेळ.

आईने लठ्ठ आचारी बोका घेतला, बाबांनी कप्तान. रंगाला रंग लावण्यात जन्म गेलेली बाई. पहिल्याच आठवड्यात तिने बाबांना पाणी पाजलं.

"जन्मभर बटणं मी दुरुस्त केली, आणि जिंकतेस तू?" बाबा म्हणायचे.

"तुमची बटणं माणसं वर न्यायची. इथे खाली ढकलायचंय," आई म्हणायची.

जुळवणी मनासारखी झाली की ती 'टच्' असा आवाज करायची. रफूचा धागा दातांनी तोडताना करायची, तसाच.

अशाच एका डावात ती दमली. "थांबवा जरा. पाणी द्या," म्हणाली.

बाबांनी पॉज दाबला आणि आत गेले.

पेला घेऊन परत आले तेव्हा ती गेलेली होती.

टीव्ही कोणीतरी बंद केला. मशीन बंद करायला मात्र कोणाचा हात झाला नाही. जुनं मशीन ते, बंद केलं की डाव पुसला जाणार. आणि डाव्या होडीतले ठोकळे आईने लावलेले होते. तिच्या हातचं अर्धं राहिलेलं तेवढं एकच काम घरात होतं. मशीनचा हिरवा दिवा जळत राहिला. बाबा त्याला धक्का न लावता भोवतीनं फडकं फिरवायचे.

बारकी कामावर जायला लागली. दिवस आपले जात होते.

एका संध्याकाळी लॉन्ड्रीवाल्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं.

"काय गं, तुझे बाबा दुपारचे कोणाशी भांडतात?"

"टीव्ही लावत असतील, काकू."

"टीव्हीला कोणी 'अगं' म्हणतं का?"

बारकी हसली. काकू हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आली. दाराशी किल्ली काढली आणि थांबली. आतून बाबांचा आवाज येत होता. आई गेल्यापासून तो इतका मोकळा तिने ऐकला नव्हता.

"अगं, दम खा की जरा. म्हाताऱ्याच्या मागे काय हात धुऊन लागलीस?"

मग थोडी शांतता.

आणि मग...

टच्.

बारकीने दार उघडलं. बाबा टीव्हीसमोर बसले होते. शेजारी आईची खुर्ची, रिकामी. खुर्चीच्या हातावर दुसरी जॉयस्टिक ठेवलेली. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

पण पडद्यावर, डाव्या होडीत...

चौकट फिरत होती.

"बाबा, मशीन स्वतःच खेळतंय का?"

"दोघांच्या डावात मशीन खेळत नाही."

"मग बटण अडकलं असेल."

बाबांनी दुसऱ्या जॉयस्टिकची वायर उचलून दाखवली. वायरीचं टोक त्यांच्या हातात होतं. ती मशीनला जोडलेलीच नव्हती.

"मलाही आधी तेच वाटलं," ते म्हणाले. "खोलून बघितली. साफ केली. मग वायरच काढली. तरी खेळते."

"कोण?"

बाबांनी तिच्याकडे असं काही बघितलं की तिने पुन्हा विचारलं नाही.

"मी डाव सुरू केला नव्हता," ते म्हणाले. "तिचे ठोकळे बघावेत म्हणून फक्त टीव्ही लावला. बघतो तर पॉज निघालेला. माझीच वाट बघत होती."

त्यानंतर बारकी जमेल तेव्हा दुपारी घरी यायची आणि मागे पलंगावर बसायची. डाव तोच चालला होता. बाबा दमले की पॉज दाबायचे, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस तिलाही बरं वाटलं. बाबा दाढी करायला लागले होते. दोन घास जास्त जेवत होते.

मग त्यांना खोकला झाला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसात थोडं पाणी दिसतंय म्हणाले. औषधं दिली. पाणी वाढतच गेलं.

बारकी प्रुफं तपासणारी बाई. एकदा दिसलं तर नजरचूक, पुन्हा त्याच जागी दिसलं तर चूक, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं. बाबांचा ढीग वर चढला की त्यांच्या छातीत घरघर वाढायची. नाइलाजाने त्यांनी एखादी ओळ घालवली की श्वास मोकळा व्हायचा. एकदा नाही, दोनदा नाही. दर वेळी.

आणि तिला आणखी एक दिसलं. बाबा मुद्दाम जुळवत नव्हते.

"बाबा, ते तीन मासे."

"दिसतायत मला."

"मग घालवा ना."

"घालवले की पेट्या तिच्यावर पडतात. तिचा ढीग बघितलास कुठवर आलाय? बायकोच्या डोक्यात धोंडा घालू?"

"आणि तुमचा?"

"माझं काय जातंय."

"मी बंद करते हे मशीन."

बाबा शांतपणे म्हणाले, "कर. मग मला जेवायला हाक मारू नकोस."

तिने बंद केलं नाही.

ती शेवटची दुपार. बारकीने दार उघडलं तेव्हा बाबांचं बोलणं ऐकू आलं नाही. ते खुर्चीत एका बाजूला कलले होते. ओठ निळे. छातीतून आवाज येत होता, मोरीतून शेवटचं पाणी जाताना येतो तसा. जॉयस्टिक बोटांत अडकलेली.

डाव चालू होता.

त्यांचा ढीग दोरीच्या जेमतेम खाली होता.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघतोय म्हणाले. तिने जॉयस्टिक घेऊन पॉज दाबला.

डाव थांबला नाही.

पुन्हा दाबला...

थर वर सरकला.

ती मशीनच्या बटणापाशी गेली. बोट टेकवलं. आणि तिच्या मनात आलं, हे बंद केलं तर दोन्ही होड्या एकदमच जातील. बोट मागे आलं.

मग ती बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि खेळायला लागली.

मासे घालवले. डावीकडे पेटी पडली. मागे बाबांनी घोटभर श्वास घेतला.

शिंपले घालवले. पेटी पडली. आणखी एक श्वास.

डावी चौकट धावत होती. एक पेटी फोडत होती तोवर दुसरी येत होती. ती चाल बारकीच्या ओळखीची होती. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, भोक मोठं होऊ द्यायचं नाही. तिने लहानपणी आईला कापडावर हेच करताना बघितलं होतं.

एकदाही टच् आलं नाही.

शेवटी शेवटी डावी चौकट काही जुळवतच नव्हती. नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे. हातातून पडलेली सुई चाचपडावी तशी.

बारकीच्या समोर दोन चंद्र ओळीत होते. तिसरा शेजारी आला होता. डावीकडे आणखी एका पेटीची जागा नव्हती.

तिने मागे कान दिला. आता बाबांची घरघर ऐकू येत नव्हती.

काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने बटण दाबलं.

पेटी पडली. आचारी बोका हात वर करून पाण्यात गेला, पोरांना हसू यावं अशी पिपाणी वाजली, आणि पडद्याची डावी बाजू काळी झाली.

मागे बाबांनी पाण्यातून डोकं वर काढावं तसा श्वास घेतला.

इस्पितळात पाणी दोन दिवसांत उतरलं. कसं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, बारकीनेही विचारलं नाही. बाबा घरी आले. जेवायला हाक मारली की येतात, वाढलेलं खातात. पहिले बरेच दिवस त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही.

मग एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "डाव तू संपवलास."

"वीज गेली होती, बाबा."

"वीज गेली नव्हती. मला सगळं ऐकू येत होतं."

बारकी भात कालवत राहिली.

"ती हाका मारत होती," बाबा म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला कशाला? तुला. बारके, बारके करत होती. सारखी."

"काय म्हणत होती?"

"नुसती हाक. वाचव म्हणत होती की दाब म्हणत होती, ते मला नाही कळलं."

"मी तिथेच होते, बाबा. मला का नाही ऐकू आलं?"

बाबांनी ताटावरून हात उचलला. रागावलेले दिसत नव्हते.

"तू खेळत होतीस," ते म्हणाले.

मशीन अजून त्या घरात आहे. कधी बाबा झोपले की बारकी दुपारी खिडकी लावून घेते आणि दोघांचा नवा डाव सुरू करते. जॉयस्टिकला हात लावत नाही. दोन्हीकडचे थर आपोआप चढतात, एकदमच दोरीला टेकतात, दोन्ही होड्या बुडतात.

ती कान देऊन बसते.

मग पुन्हा सुरू करते.