अकरावा प्रश्न

१९७३ सालच्या मार्च महिन्यात मी पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून चार मैलांवरच्या एका वाडीत, टेलिव्हिजनचे सर्वेक्षण करायला गेलो. वाडीत टेलिव्हिजन नव्हता. तालुक्यात नव्हता, जिल्ह्यात नव्हता. मुंबईत तो येऊन पाच महिने झाले होते आणि पुण्यात वर्षअखेरीपर्यंत यायचा होता. पण विद्वानांच्या एका समितीला घाई होती. टेलिव्हिजनमुळे खेड्यातला माणूस किती सुधारतो हे मोजायचे, तर तो येण्याआधी माणूस किती बिघडलेला होता याची नोंद हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुण्याच्या मनोऱ्यावरच्या लहरी गर्भगिरीचे डोंगर ओलांडून इथवर पोचतील का, हे समितीत कोणी विचारले नाही. पुण्याच्या विद्यापीठातल्या आमच्या विभागप्रमुखांनी अहवालाचा निष्कर्ष जानेवारीतच लिहून ठेवला होता. मी त्याला शोभतील असे आकडे आणायचे होते.

मी रागावलेलो होतो, हे लपवत नाही. राग थंड असला की अक्षर चांगले येते.

प्रश्नावलीत चोवीस प्रश्न होते. नववा प्रश्न, 'आपण टेलिव्हिजन पाहिला आहे का?' दहावा, 'असल्यास कोठे व कोणासोबत?' अकरावा प्रश्न माझा होता. पाहुण्याचे मन राखण्यासाठी विचारेल त्याला 'व्हय' म्हणणारे लोक प्रत्येक सर्वेक्षणात भेटतात. त्यांना ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे: अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल गंभीरपणे विचारायचे. जो 'व्हय' म्हणेल, त्याची बाकीची उत्तरेही बाद. म्हणून मी लिहिले होते, 'पूर्वी एका कार्यक्रमात एक बाई धान्य निवडत बसलेली दाखवत असत. तो आपण पाहिला आहे का?'

ती बाई मी कुठून आणली, हे इथे सांगणे भाग आहे. मी पावणेचार वर्षांचा असताना माझी आई गेली. वडील श्रीरामपुरात रेल्वेच्या नोकरीत होते. तिचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. माझ्यापाशी तिचे जे काही आहे ते एवढेच: परातीत तूर निवडणारे दोन हात, आणि एकेक खडा पत्र्याच्या झाकणात पडल्याचा आवाज. टण्. चेहरा नाही. शब्द नाहीत. खोट्या कार्यक्रमासाठी काहीतरी हवे होते, आणि कोणालाही ठाऊक नसलेली माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. प्रश्नात मी हात घातले नाहीत, परात घातली नाही, आवाज घातला नाही. फक्त बाई आणि धान्य.

माझा आणखी एक नियम आहे. गावात जाण्याआधी पहिला फॉर्म मी स्वतःचा भरतो, म्हणजे कोणते प्रश्न मूर्खपणाचे आहेत ते कळते. त्याच्यावर क्रमांक शून्य. त्यात नवव्या प्रश्नापुढे मी लिहिले होते, 'नाही'. अकराव्यापुढेही, 'नाही'.

वाडीत माझ्याबरोबर ग्रामपंचायतीचा शिपाई सहादेव होता. बोलका, चाळिशीतला माणूस. दुष्काळ असल्यामुळे धडधाकट बायामाणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलेली. घरी सापडत ती म्हातारी आणि दुखणाईत. समितीने टेलिव्हिजनचे एक चित्र दिले होते. मुंबईत कधीही न गेलेल्या कोणा आरेखकाने ते पट्टी धरून काढले होते. सहादेवने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

"चुकलंय ह्ये," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"काचंचं कोपरं. गोल पायजेत." त्याने बोटाने हवेतच ती वळणे काढून दाखवली. "हितं टोकं आल्यात."

"तू पाहिलास कुठे?"

"ल्हानपनी. आता कुटं राह्यलंय तसलं." तो पुढे चालू लागला. "चला सायेब, बनुबाई घरी हाय. पर तिच्या हातचा च्या पिऊ नगा, गुळाचा म्हनती आन् नुसतं पानी असतंय."

बनुबाई साठीच्या होत्या. ओसरीत पाय लांब करून बसलेल्या, रेशनवर आलेली लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, सुपात पाखडत.

"ऐकू येतंय मला, सहादू," त्या म्हणाल्या. "गूळ तू आनून दे, मग गोड करते. हे कोन?"

मी कोण ते सांगितले आणि नववा प्रश्न विचारला.

"व्हय की. लई वर्सं झाली. माझं लगीन व्हायच्या आदीपासनं हुतं त्ये."

मढीच्या यात्रेत पूर्वी चित्रांची पेटी घेऊन एक जण बसायचा, भोकाला डोळा लावून पाहायची. मी ती आठवण करून दिली.

"ती न्हाई हो. ती एकट्यानं बघायची, जत्रंतली. ही घरातली. समदी मिळून बघायचो." त्यांनी सूप खाली ठेवले. "तवाची मजा आता कुटं. एक गडी यायचा, फेटा बांदत बसायचा. बांदून झाला की सोडायचा, पुना बांदायचा. आमी लेकरं हसून हसून लोळायचो. मग दुसरा यायचा, पाऊस सांगायला. पर ज्या गावांचा सांगायचा, ती गावं कुनाला ठावं नव्हती. माझा बाप म्हनायचा, न्हाई तर न्हाई, कुटं तरी पडतोय ना?"

"आन् त्ये कुत्रं?" सहादेव म्हणाला.

"कुत्रं नंतर. आदी फेटा."

"आदी कुत्रं, बनुमावशी. भिताडाकडं बघत बसायचं. मला कळत हुतं तवा आदी कुत्रंच यायचं."

"तुला काय कळत हुतं रं? नाक पुसता येत नव्हतं तुला."

दोघे बराच वेळ त्यावर वाद घालत राहिले. जुन्या शेजाऱ्याविषयी बोलावे तसे ते बोलत होते, सुखाने, थोडे हळहळत. मी लिहून घेत होतो. सामूहिक भ्रमावर मी बरेच वाचले आहे. संध्याकाळपर्यंत या प्रकाराला एक भारदस्त नाव सापडेल अशी मला खात्री होती. मग मी सापळा लावला. अकरावा प्रश्न विचारला.

बनुबाईंचा चेहरा मऊ झाला.

"ती होय," त्या म्हणाल्या. "तुरी निवडायची. परातीत."

मी पेन थांबवले नाही. बाईच्या हाती धान्य द्यायचे तर दहांतले तिघे तूरच देतील. सुपाऐवजी परात, हा योगायोग. मी 'बाद' असे लिहिले.

"खडं झाकनात टाकायची," त्या म्हणाल्या. त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "टण्."

दुसऱ्या दिवशी मी सहादेवला पंचायतीतच बसवून ठेवले आणि एकटा फिरलो. प्रत्येकाला वेगळे गाठले, दुसऱ्याने काय सांगितले ते कोणाला कळू दिले नाही. दुपारपर्यंत एकोणीस फॉर्म भरले. एकोणीसही जणांनी बाई पाहिली होती. विसावे इब्राहिम मणेर. बांगड्या भरणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. पंचक्रोशीतल्या बायकांचे हात त्यांना मापांनी पाठ. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. दुष्काळात बांगड्या कोण भरते?

अकराव्या प्रश्नावर त्यांनी मान हलवली.

"पाहिली ना. चेहरा माझ्या नीट लक्षात नाही साहेब, मी हातच बघायचो. आमचा धंदाच तो. सव्वादोनचं माप. हिरव्या बांगड्या, डाव्या हातात सहा." त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवले. "त्यातली एक तडकलेली. काळा दोरा गुंडाळून तशीच ठेवलेली."

माझे पेन कागदावर टेकलेले होते. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तडकलेली बांगडी कुणी हातात ठेवतं का?" इब्राहिम म्हणाले. "लगेच उतरवायची. कुणाची असो, मी तर ठेवूच देत नाही. तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. अब्बांना विचारलं होतं, या बाईला सांगणारा कुणी मणेर नाही का तिच्या गावात? अब्बा म्हणाले, असेल, पण ती ऐकत नसेल."

ती बांगडी मी कोणाला सांगितलेली नाही. वडिलांना नाही, बायकोला नाही, वर लिहिताना इथेही नाही. अशुभ आहे म्हणून नव्हे. ती माझी होती, म्हणून.

त्या दुपारी मी तिसगावच्या रस्त्यावर लिंबाखाली बराच वेळ बसलो. शक्यता दोनच होत्या. एक, ही माणसे माझी आई चोरत होती. कशी, ते ठाऊक नाही. पण चोरी तरी होती, आणि चोरीला मालक असतो. दुसरी शक्यता अशी की, माझ्याकडे आई कधी नव्हतीच. लहानपणी कुठेतरी, कोणाच्या तरी घरी, मी एक कार्यक्रम पाहिला होता आणि बिनआईच्या पोराने तो आपला म्हणून ठेवून घेतला होता.

पहिल्या शक्यतेचा मला संताप आला. दुसरीचा आला नाही. तिथे संताप पोचत नव्हता.

आणि तरीही, चोवीस प्रश्नांच्या बाहेरचा एक प्रश्न होता. इब्राहिमांना चेहरा नीट आठवत नव्हता. बनुबाईंना आठवत असणार. विचारला, तर तेहेतीस वर्षांनी मला आईचा चेहरा मिळेल. मात्र तो कार्यक्रमातल्या बाईचा म्हणून मिळेल. दुसऱ्या कोणत्याही अटीवर तो मिळणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरायला लागल्यावर, मी बनुबाईंकडे गेलो. सहादेव बरोबर नव्हता. फॉर्मची पिशवीही नव्हती.

त्या ओसरीत मिलो निवडत होत्या. शेजारी डालड्याच्या डब्याचे झाकण होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज कागद न्हाई?"

"नाही. मावशी, ती बाई. ती दिसायला कशी होती?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. नंतर पुन्हा निवडू लागल्या.

"रुंद कपाळ. डाव्या भुवईत तीळ. खालचा व्हट जरासा पुडं, रुसल्यावानी. हसली की त्यो दिसायचा न्हाई. लई हसायची न्हाई, पर हसायची."

टण्.

डाव्या भुवईतला तीळ मी आत्याच्या तोंडून एकदा ऐकला होता. खालचा ओठ कोणी सांगितला नव्हता. मी डोळे मिटले, आणि ती दिसली. हातांच्या वर, जिथे इतकी वर्षे काहीच नव्हते, तिथे चेहरा आला. सहज आला, जागेवर बसला.

मग मी डोळे उघडले.

"आणि ते मूल?" मी विचारले.

"कुटलं?"

"तिच्या समोर बसलेलं. लहान. तीन-चार वर्षांचं."

"मूल नव्हतं त्यात."

"ती बोलायची ना कोणाशी तरी?"

"आमच्याशी."

मी झाकणातल्या खड्यांकडे पाहिले.

"समूर आमीच असायचो की," बनुबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "पोर-बीर कुनी न्हाई. एकलीच ती. निवडता निवडता वर बघायची. म्हनायची, झालं हं, एवढंच राह्यलंय. मग संपायचं."

टण्.

त्यांनी झाकण उचलून खडे अंगणात फेकले आणि, पाहुण्याला गाव विचारावे इतक्या साधेपणाने, विचारले,

"तुमी कुनाच्या घरी बगितलं?"

मी पुण्याला परतलो. बेचाळीस फॉर्म समितीला दिले. नवव्या आणि अकराव्या प्रश्नांची सर्व उत्तरे मी नव्या कागदांवर 'नाही' अशी उतरवून काढली. माझ्या विद्वत्तेतली ती पहिली लबाडी, आणि विभागप्रमुखांनी जिची तोंड भरून स्तुती केली असे माझे पहिले काम. शून्य क्रमांकाचा फॉर्म मी जोडला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ऑक्टोबरात आमच्या विभागात टेलिव्हिजनचा संच आला. खोका उघडायला सगळे जमले होते. प्राध्यापक, कारकून, दोन शिपाई. पेंढा काढला, कापड दूर केले. संच अजून सुरू नव्हता. काच राखाडी होती, तिच्यात आम्हा सगळ्यांची वाकडी प्रतिबिंबे दिसत होती. तोवर मी टेलिव्हिजन कधी पाहिला नव्हता.

मी त्या काचेकडे पाहत उभा राहिलो. मग डोळे मिटून आईला आठवले. परात, हात, काळा दोरा, चेहरा. ती वर बघते. म्हणते, झालं हं, एवढंच राह्यलंय.

तिच्या भोवती काळी कड होती, आणि कोपरे गोल होते. ते आत्ता गोल झालेले नव्हते, आधीपासूनच तसे होते.