एकशे आठ ठोके

कमळूकाकांनी आ केला आणि ते उघडं तोंड पार कुंडलिकच्या नाकाजवळ आणलं.

"हं. बघ."

कुंडलिक विशे एक पाऊल मागे सरला. मुरबाडच्या दवाखान्याचा ओटा अरुंद, आणखी मागे जायला जागा नव्हती. त्याच्या हातात मुंबईच्या मोठ्या विमा कंपनीचा छापील फॉर्म होता आणि त्यानं विचारलं होतं इतकंच, की तुमचं वय काय?

"काका, दात नकोत. वय सांगा."

"मंग काय दावतोय? परवा म्हशाच्या जत्रंत बैल घेतला मी. बैलाला वय इचारलं नाय. दात बघितलं, झालं!"

दाराआड कुणीतरी हसलं. आधी दाबून, मग दाबता येईना म्हणून मोकळेपणानं. पौषातलं कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं आणि त्या उन्हात ती बाहेर आली. पांढरं लुगडं, निळा काठ, खांद्याशी टाचलेलं एक छोटं घड्याळ.

"मानमोडीच्या साथीत तुमच्या घरात कोणकोण होतं हो, काका?" तिनं विचारलं.

"मी, म्हातारी, बायको. रंगू त्याच सालात झाली नं. पाळण्यात होती."

"आणि लगीन?"

"त्याच्या आदी दोन वर्सं. मिसरूड फुटत होतं मला."

ती कुंडलिककडे वळली. "मानमोडी एकोणीसशे अठराची. तेव्हा काका वीसएक वर्षांचे. आज एकोणचाळीस साल. करा हिशेब."

कुंडलिकनं केला. एकेचाळीस. बी.एस्सी. होऊन, मुंबईच्या कचेरीत दोन महिने शिक्षण घेऊन, वर्षभर गावोगाव हिंडून त्याला जे सुचलं नव्हतं, ते या मुलीनं दोन प्रश्नांत काढलं होतं.

"तुम्ही... इथल्याच?"

"धसईची. गिरजा. इथं नर्स आहे." ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "पुढच्या गिऱ्हाइकाचे दात बघायचे असले तर चिमटा देते."

*

कंपनीचा नियम असा, की विमा उतरवणाऱ्याची आधी डॉक्टरी तपासणी व्हायची. मुरबाडात ती गुप्ते डॉक्टरांकडे. त्यामुळे कुंडलिकला रोज कुणाला ना कुणाला घेऊन दवाखान्यात यावंच लागे. कुणी नसलं तर कालच्या कागदावर एखादी सही राहून गेलेली असे. ती कशी राहते, हे डॉक्टरांना कळत नव्हतं.

गिरजा माणसांना काट्यावर उभं करी, छातीला फीत लावी, आकडे सांगी. कुंडलिक ते लिहून घेई. आकड्यांच्या मधे बोलणं चाले.

"तुमचा-आमचा धंदा उलटाच," ती एकदा म्हणाली. "माणूस गेला की तुमचं काम सुरू. आमचं, तो जाऊ नये म्हणून."

"उलटा कसा? तुम्ही जितकी माणसं जगवाल, तितका कंपनीचा फायदा."

"अगोबाई! म्हणजे मी तुमच्या कंपनीची चाकरी करते? फुकट?"

"साहेबांना लिहू का तसं? मुरबाडच्या नर्सबाईंची बढती करावी म्हणून?"

"लिहा. आणि असंही लिहा, की तुमचे इन्स्पेक्टर छत्तीसच्या जागी सदतीस लिहितात, कारण लिहिताना ते कागदाकडे बघत नाहीत."

कुंडलिकनं खाली पाहिलं. खरंच सदतीस लिहिलं होतं.

संध्याकाळी खोलीवर परतताना तो स्वतःशीच हसे. किन्हवलीला आई — बाईजा — वाट बघत होती, की पोरगा कंपनीत पक्का कधी होतो. गावातला पहिला बी.एस्सी., पण अजून उमेदवारीवर. आता त्यालाही घाई झाली होती, आणि ती आईच्या घाईहून निराळी होती. पक्का झाला तर शहापूर-मुरबाडचा सगळा टापू त्याच्याकडे यायचा. इथंच राहता येणार होतं. एखाद्या मुलीच्या घरी जाऊन काही विचारायचं तर आधी तेवढं तरी हातात हवं.

मुंबईहून लखोटा आला तो अशा वेळी. वर्ष पूर्ण झालं, काम समाधानकारक. फक्त डॉक्टरी तपासणीचा कागद शनिवारच्या टपालानं पाठवावा.

"बसा, विशे," गुप्ते डॉक्टर म्हणाले. "आज तुम्हीच गिऱ्हाईक." त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली, पोट दाबलं. सगळं उत्तम. नाडी मात्र ते मोजत नसत. त्यांच्या साखळीच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा कधीच गळून पडला होता, म्हणून ते काम गिरजाकडे. डॉक्टर आतल्या खोलीत औषध कालवायला गेले.

गिरजा समोरच्या स्टुलावर बसली. तिनं त्याचं मनगट हातात घेतलं आणि खांद्याचं घड्याळ उलटं करून पाहू लागली. तिच्या हाताला साबणाचा वास होता. बाहेर कुणाच्या तरी बैलगाडीची चाकं कुरकुरत होती... एक मिनिट फार लांब असतं, हे कुंडलिकला त्या दिवशी कळलं.

तिनं हात सोडला. तिच्या कपाळावर आठी होती.

"एकशे आठ."

"किती?"

"एकशे आठ," ती हळू म्हणाली. "बहात्तर-पंचाहत्तर असायला हवेत."

फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ठोके शंभरावर आल्यास लागोपाठ आणखी दोन दिवस मोजावेत. तिन्ही वेळा शंभरावर आल्यास उमेदवार नोकरीस नालायक समजावा.

"एकशे आठ?" डॉक्टर आतून ओरडले. "नाडी मोजलीस की जपमाळ ओढलीस गो?"

यावर ती हसली नाही.

*

दुसऱ्या दिवशी एकशे सहा.

कुंडलिक त्या रात्री नीट झोपला नाही. पण तो विज्ञान शिकलेला माणूस. घाबरण्याआधी मोजावं, एवढं त्याला ठाऊक होतं. खोलीमालकांचं घड्याळ उसनं घेऊन त्यानं आपली नाडी मोजली. उठल्यावर अडुसष्ट. अंघोळीनंतर चौऱ्याहत्तर. दवाखान्याचा ओटा चढल्यावर ऐंशी. मग दवाखान्यातल्या त्या एका मिनिटात असं काय होत होतं? कारण त्याला अंधुक माहीत होतं, आणि ते फॉर्मवर लिहिण्याजोगं नव्हतं.

तिसरा दिवस शुक्रवार. गिरजा आज थट्टेनं काही बोलली नाही. डोळे जागरणाचे दिसत होते.

"विशे, एक सांगू?" ती म्हणाली. "माझे बाबा असेच गेले. दिसायला धडधाकट. एक दिवस नांगर धरला आन्..." तिनं ओठ आवळले. "नोकरीचं जाऊ द्या. तुमी जे.जे.त जाऊन छाती दाखवा. माझ्यासाठी म्हणून तरी..."

'तुमी' म्हणाली ती. दवाखान्यात ती नेहमी जपून, शिकल्यासारखं बोले. आज धसईची बोली आपोआप आली होती.

"आधी मोजा तर," तो म्हणाला.

तिनं मनगट धरलं. त्यानं डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याशी, जबड्याखाली ठेवली. तिथंही नाडी लागते. डोळे तिच्याच घड्याळाच्या काट्यावर. दोघंही मनातल्या मनात मोजत होते आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"एकशे दहा," ती कशीबशी म्हणाली.

"अठ्ठ्याऐंशी," कुंडलिक म्हणाला.

"म्हणजे?"

"मीही मोजले. त्याच मिनिटात, त्याच घड्याळावर. एका माणसाच्या दोन ठिकाणी दोन नाड्या नसतात, बाई. कुणाचं तरी चुकतंय."

"मी दोन वर्षं हेच काम करते आहे! माझं चुकत नाही." ती रागावली. पण मनगट अजून तिच्याच हातात होतं. कुंडलिकनं खाली पाहिलं. जरा वाकून, नीट, प्रयोगशाळेत पाहावं तसं पाहिलं.

तिचा अंगठा त्याच्या शिरेवर होता. बोटं त्याच्या मनगटाभोवती, जत्रेच्या गर्दीत आपलं माणूस धरावं तशी.

"तुम्ही अंगठ्यानं मोजताय," तो म्हणाला.

"छे! अंगठ्यानं कशी मोजेन? पहिल्याच दिवशी शिकवलं आम्हाला. अंगठ्याला आपली स्वतःची..."

वाक्य तिथंच थांबलं.

अंगठ्याला आपली स्वतःची नाडी असते. दुसऱ्याच्या शिरेवर तो ठेवला, तर ठोके मोजणाऱ्याचेच मोजले जातात.

गिरजानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिच्या गालांवर, कानांवर, गळ्यावर रंग चढत गेला. हात काढून घ्यावा हेही तिला सुचलं नाही.

"कमळूकाकांचं तीन बोटांनी मोजलंत," कुंडलिक हळूच म्हणाला. "सगळ्यांचंच तीन बोटांनी."

"हो..."

"मग ते एकशे आठ... कुणाचे?"

"गप ऱ्हा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की बाहेरच्या चिमण्यांनी तो झाकून टाकला असता.

"एकशे सहा?"

"गप ऱ्हा म्हंते नं!"

"आणि आजचे —"

"विशे!"

आता त्याच्या छातीत जे चाललं होतं, ते मोजायला घड्याळाची गरज नव्हती. वर्षभर इतरांना प्रश्न विचारत हिंडलेल्या माणसाच्या ओठांवर स्वतःचा एकच प्रश्न आला होता.

"गिरजाबाई, मला तुम्हाला एक —"

"थांबा!" ती ताडकन उठली. "आत्ता काही विचारू नका. हात द्या." तिनं पदर सारखा केला, खोल श्वास घेतला आणि मोजून तीन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. डोळे घड्याळावर असे रोवले, जणू परीक्षा चालली आहे. "बोलू नका. हसू पण नका... हसताय तुमी!"

मिनिट संपलं.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "शंभराच्या आत आहे ना? आणि खरं आहे. खोटं मी लिहिणार नव्हते." फॉर्म घेऊन ती आत गेली. कुंडलिकला तिचा आवाज ऐकू आला. "डॉक्टर, दोन दिवस माझी मोजायची चूक झाली होती. तसं लिहून, खाली माझी सही केली आहे."

"तुझी? चूक?" डॉक्टरांना नवल वाटलं. "आणि झाली कशी?"

उत्तर हळू आलं.

"अंगठ्यानं मोजली, डॉक्टर."

आत खुर्ची करकरली. मग गुप्ते डॉक्टर खदखदून हसले, इतके, की ओट्यावरची म्हातारी खोकायची थांबली. टाकाची कुरकुर ऐकू आली. सही झाली होती.

गिरजा बाहेर आली ती बंद लखोटा घेऊन. डिंक अजून ओला होता. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला, पुरता चिकटेपर्यंत धरला, आणि कुंडलिकच्या हातात दिला. मग समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर घेऊन, मान किंचित खाली घालून.

"आता विचारा," ती म्हणाली.