मारुतीची मिठाची गाडी

दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतो. आणि मधु, तू मध्येच हसायचं नाहीस. मारुतीला मी चांगला ओळखत होतो. कोलशेतच्या मिठागरावर मी कारकून होतो, तेव्हा मिठाच्या गोणी ठाण्याला पोचवायला त्याचीच बैलगाडी असायची.

मीठ लोखंड खातं. म्हणून तिथले गाडीवान रोज संध्याकाळी चाकं गोड्या पाण्याने धुतात, आखाला तेल घालतात, आणि चाक आखावर धरून ठेवणारी खीळ काढून बघतात. मारुतीने एका उन्हाळ्यात हे सगळं सोडलं. विहीर आटली होती, बैलांनाच पाणी पुरत नव्हतं, हेही खरं. पण खीळ काढून बघायला पाणी लागत नाही.

त्या वैशाखात दगडू लोहाराची बायको सगुणा मारुतीच्या गाडीत बसली. खडवलीला माहेरी जायचं, म्हणून ठाण्याला आगगाडी धरायची होती. खाडीच्या उतारावर खीळ तुटली, चाक निखळलं, गाडी कलंडली आणि ती गोणींखाली सापडली. जागीच गेली बिचारी.

गावाने विचारलं तेव्हा मारुती म्हणाला, "खीळ नवी होती. दगडूनंच करून दिलेली. कच्ची निघाली."

दगडूला आठवेना, अशी खीळ आपण कधी दिली. पण बायको समोर निजवलेली. माणसाचं डोकं चालतं का अशा वेळी? त्याने मान्य केलं आणि भाता कायमचा बंद केला. त्या बैठकीत मीही होतो, मीही मान डोलावली. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षं गेली. शके अठराशे नऊ, वैशाखातली अमावस्या. मारुती गोणी उतरवून रिकामी गाडी घेऊन परतत होता. त्याच उतारावर बैल थांबले. त्याने शेपट्या पिरगाळल्या. हलेनात.

मागून गाडी जराशी दबली. कुणी चढून बसावं, तशी.

त्याने वळून पाहिलं नाही.

"भावजी..."

आवाज ओळखीचा.

"त्यांना सांगा..."

मग... काही नाही. खाडीचं पाणीसुद्धा वाजेना.

गाडी तिथेच टाकून तो धावत सुटला. दगडूचं दार ठोठावलं.

"खीळ जुनीच होती, दगडू. मी बघितलीच नाय. तुझा काय दोष नाय."

दगडू मारायला उठला नाही. मग कंदील घेऊन म्हणाला, "चल. गाडी दाखव."

गाडीच्या फळ्यांवर सांडलेल्या मिठाचा पातळ थर होता. त्यात बाईची अनवाणी पावलं. आणि त्यांच्या बाजूला... बोटाएवढी लहान. नुकतं चालायला लागलेल्या पोराची.

मारुतीला काही कळेना. सगुणाला मूल कुठे होतं?

दगडू खालीच बसला. "तिला दिवस गेलेले," तो म्हणाला. "तेच सांगायला ती आईकडे चाललेली."

सकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं. बाईची पावलं गाडीच्या मागच्या टोकाशीच होती. लहान पावलं मात्र एकेक करत पुढे गेली होती... आणि मारुती बसायचा तिथे, अगदी त्याच्या पाठीशी, थांबली होती.