करवंदांचा वळसा

"ओ मॅडम, फोटो नाही काढायचा. सर्व हक्क राखीव आहेत."

ज्योत्स्नाने मोबाइल खाली घेतला नाही. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या छपाईच्या दुकानात ती आली होती एक तक्ता लॅमिनेट करायला. पण भिंतीवर 'सुरगाण्याच्या डोंगरवाटा' नावाचा देखणा नकाशा दिसला आणि तिचे पाय थबकले. त्यात तिचा पाडा होता. पाड्याची पायवाट होती. आणि त्या पायवाटेला मध्येच एक वळसा!

"हक्क? कुणाचे?"

"आमचे. डिझाइन माझं आहे." काउंटरमागचा तरुण हसला. त्याच्या गालाला खळी पडली. ती आपल्या लक्षात आली याचाच तिला राग आला.

"या वाटेने कधी गेलाय तुम्ही?"

"नाही... इंटरनेटवर मिळाली. खुला नकाशा असतो ना. फुकट."

झालं! ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा वळसा दिसतोय? इथे वाट नाहीच! गेल्या उन्हाळ्यात फोन हातात धरून मीच ही वाट चालत त्या खुल्या नकाशावर नोंदवली. जाळीत करवंदं दिसली म्हणून आत शिरले, फोनने तेही टिपलं. माझी करवंदं छापलीत तुम्ही!"

तो गोरामोरा झाला. मग ओठ चावत म्हणाला, "गोड होती का?"

"आंबट होती. लय शहाणे आहात!" तिचा आवाज चढला. "आमच्या पाड्यावर निघालेली ॲम्ब्युलन्स वाट चुकायची, म्हणून आम्ही पोरींनी उन्हातान्हात हिंडून नकाशा केला. आणि आता त्याच वाटेचा फोटो काढायला तुमची परवानगी? चोराच्या उलट्या बोंबा!"

"पण खुला म्हणजे कुणीही वापरावा ना?"

"वापरा की. विका खुशाल. रंग तुमचे, सजावट तुमची. पण माहिती कुठल्या नकाशातून घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली आहे, हे खाली लिहायचं. तिच्यात भर घातलीत तर ती त्याच अटीवर सगळ्यांना द्यायची. माझं नाव नकोय मला. एवढी एक ओळ... तीही जड झाली?"

त्याने नकाशाच्या कोपऱ्यातल्या 'सर्व हक्क राखीव'वर बोट ठेवलं.

"काही धबधबे मी घातलेत," तो हळूच म्हणाला. "स्वतः जाऊन. अटी मात्र... वाचल्याच नाहीत."

"मग वाचा!"

ती तरातरा बाहेर पडली, तक्ता तिथेच विसरून. रिक्षात बसली तरी संताप उतरेना आणि ती खळीही डोक्यातून जाईना. मेली खळी!

पुढच्या रविवारी तक्ता आणायला गेली ती भांडायच्या तयारीनेच. आत मालकांचा आवाज चढलेला होता. "अरे मयूर, ती बारीक ओळ वाचणार कोण?"

"जे चालले ते वाचतील," मयूर म्हणाला.

त्याच्यापुढे नकाशांचा गठ्ठा होता. 'सर्व हक्क राखीव'वर तो एकेक छापील पट्टी चिकटवत होता. बोटं डिंकाने माखलेली. पट्टीवर त्या खुल्या नकाशाचं नाव होतं, तो करणाऱ्या सगळ्यांचे आभार होते. त्याचे धबधबेही आता खुल्या नकाशावर घातल्याची नोंद होती.

तिला बघताच त्याने पानाचा एक द्रोण पुढे सरकवला. काळीभोर करवंदं! आणि त्याच्या हातांवर... काट्यांचे ओरखडे.

"तुमच्या वाटेने गेलो होतो," तो म्हणाला. "वळशापर्यंत."

तिने एक तोंडात टाकलं. मध नुसता.

"आंबट म्हणाला होतात."

"रागात होते." तिला हसू आवरेना. "तो वळसा आजच काढून टाकते. वाट नसताना दाखवली तर माणसं चुकतील."

"नको ना..." त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "आपण वाटच करू. तू पुढे चाल, मी मागून येतो. दर उन्हाळ्यात गेलो तर... पडेलच की पायवाट."

तू? ती लाजली, पण नजर काही तिने खाली घातली नाही.

"वळसा मी काढणारच," ती म्हणाली. "पायवाट पडली की पुन्हा घालू. आणि मागून नाही यायचं... बरोबर चालायचं."