दुकानात आली की चालते

"आतून पुसा. बाहेर काही न्हाई."

मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बॉनेटवर वाकले होते आणि ओढणीनं समोरची काच घासत होते. डिसेंबरातली सकाळ, चहूकडं धुकं. मागं वळून पाहिलं तर मोटारसायकलवर एकजण... कानाला मफलर, पायात चप्पल, आणि चेहऱ्यावर हसू आवरल्याचा भाव.

"वाफ आतल्या बाजूला धरली हाय," तो म्हणाला. "तुमच्या श्वासाची. हीटर लावा, गरम वारा काचेवर सोडा, दोन मिनिटांत साफ होती."

"हीटर लागत न्हाई."

"का?"

"मला माहीत असतं तर ओढणी खराब केली असती का?"

आता त्यानं हसू आवरलं नाही. मोटारसायकल उभी करून आला, माझ्या गाडीत डोकं घातलं, बटण एकपासून चारपर्यंत फिरवलं. काही नाही. ना आवाज, ना वारा.

"ब्लोअर बंद हाय. वारा ढकलणारा पंखा. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं मामाचं इलेक्ट्रिकचं दुकान हाय, तिथं आणा. सध्या दोन्ही काचा चार बोटं खाली करा. थंडी वाजंल, पण दिसंल."

तो गेला. नाव विचारायचं राहिलं. काचा खाली करून, दात वाजवत मी गावाकडं निघाले, आणि वाटभर उगीच आरशात पाहत राहिले.

मी बबिता. शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका. मंगळवारी आणि शुक्रवारी लसीकरण. मोठ्या दवाखान्यातून लशींचा निळा डबा घ्यायचा, आठच्या आत गावात पोचायचं. गाडी वडिलांची, म्हणजे अण्णांची, दोन हजार सातची. तूर चांगली झाली त्या वर्षी त्यांनी ती जुनीच घेतली होती, आणि अजूनही तिला बैलाला लावावा तसा जीव लावून होते.

त्याच दुपारी मी दुकानात गेले. लशींचा डबा गाडीत सोडायचा नाही असा आमचा नियम. मी तो उचलून घेतला, बाकड्यावर बसले, मांडीवर ठेवला. त्यानं बटण फिरवलं आणि ब्लोअर घूं करून सुरू झाला.

"चालतंय की, सिस्टर."

"सकाळी तुम्हीच पाहिलं ना?"

"पाहिलं. म्हणूनच म्हणून राहिलो. सकाळी मेलेलं, आता जितं." त्यानं फ्यूज काढला, उजेडात धरला, परत बसवला. "फ्यूज चांगला हाय. पुन्हा बंद पडली तर आणा."

दुकानापासून दोन किलोमीटरवर ब्लोअर पुन्हा बंद पडला.

मग हे सुरूच झालं. शुक्रवारी त्यानं ब्लोअरचा वेग कमीजास्त करणारा रेझिस्टर बदलला. पुढच्या मंगळवारी मोटरच बाहेर काढली, तिचे कार्बन पाहिले, पंख्यात अडकलेली लिंबाची वाळकी पानं ओंजळभर काढून माझ्यापुढं धरली, जशी काही फुलंच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बटण उघडलं. दरवेळी ब्लोअर दुकानात चालायचा आणि गाडी रस्त्याला लागली की बंद.

त्याचं नाव श्रीमंत. देगलूरकडचा. आईवडील तिकडं शेतावर, हा आयटीआय करून मामाकडं आलेला.

"नाव श्रीमंत आणि चप्पल तुटकी," मी एकदा म्हणाले.

"नाव आईनं ठेवलं, चप्पल मी घेतली," तो डॅशबोर्डखालून म्हणाला. "सिस्टर, जरा तो पाना द्या."

"सिस्टर म्हणू नका."

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणू देत. माझं नाव बबिता हाय."

डॅशबोर्डखालून पुढं आलेला हात पाना न घेताच आत गेला. मग बराच वेळ नुसता वायरी तपासायच्या मीटरचा आवाज. त्या दिवसापासून तो मला काहीच म्हणेना. "अहो... ते... इकडं बघा जरा," असं चाललेलं असायचं. मामा गल्ल्यावर बसून गालात हसायचे.

तो मीटर लावायचा, आकडा बघायचा, मान हलवायचा, आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "एमी लेदू." त्याच्या गावाकडं तेलुगू सर्रास. 'काहीच न्हाई' असा त्याचा अर्थ, हे मी दुसऱ्या खेपेला समजून घेतलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या आधी मीच म्हणाले. त्यानं मान वर करून पाहिलं... आणि मला बाकड्यावर नीट बसता येईना.

"एकदा तुमच्यासोबत रस्त्यावर यावं लागंल," तो म्हणाला. "बंद पडताना मला बघायचंय."

"नको." मी पटकन म्हणाले. "गाव लहान हाय. नर्सबाईच्या गाडीत कोण बसलंय, हे माझ्या आधी घरी पोचंल."

त्यानं मान डोलावली. "मग तुम्हीच लक्ष ठेवा. काही फरक दिसला तर सांगा. दोष बोलत असतो, ऐकणारं पायजे."

महामायाताई आमच्या आशा कार्यकर्त्या. पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांच्या गावाला जायचं असलं की माझ्यासोबत गाडीत असायच्या. आणि त्या सोबत असल्या की ब्लोअर चालायचा. "माझा पायगुण," त्या म्हणायच्या आणि वाऱ्यापुढं हात शेकत बसायच्या. मीही हसायचे.

डिसेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी त्यांना त्यांच्या दारात सोडलं. त्या बसलेल्या असताना डबा मागच्या सीटवर होता. आता जागा रिकामी झाली, म्हणून तो उचलून मी नेहमीसारखा डाव्या सीटच्या पुढं, पाय ठेवायच्या जागेत सरकवला. ब्लोअर बंद.

मी थांबले. डबा उचलून सीटवर ठेवला. घूं. परत खाली सरकवला. बंद.

तीनदा करून पाहिलं. डबा आत कुठल्यातरी वायरला रेटत होता, आणि दुकानात गेल्यावर मीच तो उचलून मांडीवर घेत होते. मी एकटीच गाडीत हसत सुटले. कधी एकदा त्याला सांगते असं झालं. रस्त्यातले खड्डेही जाणवले नाहीत.

दुकानात शिरले तर तो मामांशी बोलत होता.

"पहिल्या तारखेला हजर व्हायचंय," तो मला म्हणाला. "नांदेडला, विष्णुपुरीच्या रोडला मोठं वर्कशॉप हाय. सहा महिन्यांमागं अर्ज केला होता. आज फोन आला."

"चांगलं झालं," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आला.

"मामाला शब्द दिलाय, हातातली कामं उरकून जातो. सगळी उरकली. एक राहिलं." त्यानं गाडीकडं पाहिलं. माझ्याकडं नाही. "आज काही फरक दिसला का?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्या एका 'न्हाई'नं माझी झोप गेली. रात्री कूस बदलायची, पहाटे उठून अंगणात फिरायची. आई विचारायची, "काय होऊन राहिलं तुला?" मी म्हणायची, थंडी. घासावरून मन उडालं. दिवसा नोंदवहीत एकाच बाळाचं वजन दोनदा लिहिलं. खोटं बोलण्याचं एक वेगळंच गणित मी मांडलं होतं... तोंडानं खोटं बोलायचं नाही, म्हणून दोष खरा ठेवायचा. दर मंगळवारी, दर शुक्रवारी मी स्वतःच्या हातानं डबा खाली सरकवायची, ब्लोअर बंद झाल्याची खात्री करायची, आणि दुकानात जाऊन सांगायची, "आजपण बंद पडला."

तो वाळत चालला होता. बोलणं कमी झालं. वायरिंगचा नकाशा मोबाइलवर उघडून तासन्‌तास बघायचा. त्याला कशानं घेरलंय ते मला दिसत होतं, पण माझ्या डोळ्यांपुढं फक्त पहिली तारीख होती.

सव्वीस तारखेला शुक्रवार. महामायाताई सोबत होत्या. मी डबा मागं ठेवायला गेले आणि हात थांबला. ब्लोअर चालला तर आज त्याला काय सांगू?

"ताई, डबा आज पायाशीच राहू द्या."

"मग माझे पाय कुठं ठेवू?"

"जवळच तर जायचंय."

त्या अंग चोरून बसल्या. गाव सोडलं आणि धुकं दाट झालं. काच आतून पांढरी पडली. ताई पदरानं पुसायच्या, ती पुन्हा पांढरी व्हायची. मी पुढं वाकून, एवढ्याशा स्वच्छ जागेतून पाहत होते. आणि त्या जागेत अचानक हिरवं-पिवळं काहीतरी भरून आलं. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, दगड नाही, काही नाही.

मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी फरफटत गेली आणि थांबली. उसाची वाढं काचेला टेकली होती. ताईंचं कपाळ पुढं आपटलं.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मग उतरून मी त्यांच्या बाजूला गेले, कपाळ पाहिलं. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. डोळ्यांत उजेड मारून बुबुळं पाहिली. चक्कर येती का, मळमळतंय का, सगळं विचारलं. मग पायाशी अडकलेला डबा उचलून मागच्या सीटवर ठेवला.

ब्लोअर घूं करून सुरू झाला.

ताईंनी ब्लोअरकडं पाहिलं. डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तुला मालूम होतं?"

मी डबा सीटवर नीट लावत राहिले.

"कवापासून?"

"दहा दिवस."

वाफ विरत चाललेल्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग टेंगळावर पदर दाबत म्हणाल्या, "माणूस चांगला हाय का तरी?"

मी रडायला लागले.

"रडू नको. आज लेकरांना सुया टोचायच्यात, हात थरथरला तर जमायचं न्हाई. दुपारी जाऊन सांग त्याला."

दुपारी दुकानात मामा जेवायला गेले होते. श्रीमंत एकटाच. मी डबा हातात घेतला नाही. दार उघडून त्याला बोलावलं, डबा खाली सरकवला, बटण फिरवलं. बंद. डबा उचलला. घूं.

 तो आडवा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. मोटरचा प्लग बाहेर ओढला. एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळून सैल झालेलं. डब्याचा रेटा लागला की ती सुटायची. दहा मिनिटांचं काम होतं.

"आज दिसलं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. सोळा तारखेला."

तो हळूहळू उठून बसला. "सोळाला मी तुम्हाला विचारलं होतं."

"हाव."

"मी परवा नांदेडला कळवलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळंच मला तो ऐकवेना. "येत न्हाई म्हणून. ज्याला एका पंख्याचा दोष सापडत न्हाई, त्यानं तिथं जाऊन काय करायचं? मामाच्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्याच बऱ्या... असं वाटायलं होतं मला. दहा दिवस माझा माझ्या हातावरचा भरवसा गेला."

एवढं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्याला चार दिवस जास्त ठेवून घ्यायला निघाले होते, आणि त्याचं सगळं जाणंच हिसकावून घेतलं होतं.

"फोन लावा," मी म्हणाले.

"कुणाला?"

"नांदेडला. आत्ता. माझ्यासमोर."

"कशाला आता—"

"दोष तुमच्या हाताचा नव्हता. माझा होता. लावा फोन."

त्यानं लावला. मी पाठ करून उभी राहिले. "हाव साहेब... न्हाई, तब्येत न्हाई... मनच जरा... हाव, सोमवारी कागद घेऊन येतो." तेवढं ऐकलं आणि मी बाकड्यावर बसले. जागा अजून भरली नव्हती.

त्यानं नवा प्लग जोडला, वायर वर उचलून पट्टीनं आवळली. पाने पुसत म्हणाला, "ट्रायल घ्यावी लागंल. तुम्ही घेऊन या. मी थांबतो."

"बसा," मी म्हणाले.

"गाव बघंल."

"बघू दे. बसा."

आम्ही बाजारातून गेलो. किराणावाले बघत होते, चहाच्या गाड्यावरचे बघत होते. कोणीतरी "नमस्कार सिस्टर" म्हणालं. मी मान हलवली. गावाबाहेर खडीचा रस्ता लागला. श्रीमंतनं डबा पायांनीच पुढं रेटला, गाडी खड्ड्यांतून उसळली, ब्लोअर चारवर गरगरत राहिला. गरम वारा तोंडावर, हातांवर. थांबायचं नाव नाही.

मी रस्त्याकडंच बघत म्हणाले, "दोष सापडला की तुम्ही जाणार होतात. म्हणून सांगितलं न्हाई. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं."

त्यानं हात पुढं केला आणि बटण चारवरून एकवर आणलं. गाडीत एकदम शांत झालं.

"पंख्याच्या आवाजात ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला.

ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, मला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. या वेळी सगळं... काही लपवून न ठेवता, अडखळत, मध्ये गिअर चुकवत. तुम्ही मला आवडता, हेही म्हणाले.

तो बाहेर बघत राहिला. तुरीच्या शेतांवर ऊन पडलं होतं.

"मी सोमवारी जाणार हाय," तो म्हणाला.

"जा. जाण्यासाठीच तर सांगितलं."

"राग आलाय मला अजून."

"येऊ दे."

"थोडा राहील. दोन-चार महिने."

"राहू दे. मी हाय इथंच."

 मग त्यानं घसा साफ केला. "रविवारी सुटी असती का, बबिता?"

पहिल्यांदा नाव घेतलं. माझ्या हातातलं स्टिअरिंग जरासं हललं.

"असती."

"मग देगलूरला या. पुढच्या रविवारी मीही येतो तिथं. आईबाबा घरीच असतात... पण एकटं येऊ नका."

"मग?"

"तुमच्या अण्णांना घेऊन या."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला, मग वळसा घालून वैतागून पुढं गेला.

"अण्णांना काय सांगू?" मी कशीबशी म्हणाले. "कशाला जायचं म्हणून विचारतील."

श्रीमंत मान खाली घालून हातांवरचं ग्रीस पुसत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांगा," तो म्हणाला, "पोरगं बघायला."