सव्वीस तोंडांचं फिनेस्त्रा

जगातल्या भाषाशिक्षणाच्या इतिहासात जांभुळखेडच्या प्राथमिक शाळेचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं जाणार, याबद्दल कोणालाही शंका नव्हती. शंका फक्त मंगळवारी आणि गुरुवारी यायची, कारण त्या दिवशी इटालियनचा वर्ग ऑनलाइन असे.

एरवी तिसरीचा वर्ग शाळेत भरे. इटालियन शिकवणारा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) ब्रुनो खिडकीकडे बोट दाखवून विचारी, "हे काय?" सव्वीस मुलं एका सुरात, शेपूट लांबवत सांगत, "फिनेस्त्राऽऽ." दुसऱ्या दिवशी पडद्यावर तोच प्रश्न आला की सव्वीस चौकटींत सव्वीस तोंडं अर्धवट उघडी राहत. आवाज एकाचाही नाही.

ब्रुनोला उसासा टाकायची सोय नव्हती. तो डोक्यातला पंखा जोरात फिरवी.

"रात्रीतून विसरता कसं तुम्ही?" तो म्हणाला. "सगळेच्या सगळे? साथ आलीय का काही?"

शेवटी त्याने मुख्याध्यापकांना कळवलं, की शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तिसरीने सोमवारपासून इटालियन पहिलीच्या मुलांबरोबर शिकावं.

तिसरीतल्या ऋजुताचा धाकटा भाऊ निषाद पहिलीतच होता. त्याने घरी येऊन सांगितलं, "ताई, माझ्या शेजारी बस हं. पण सारखं सारखं काय विचारायचं नाही."

ऋजुता तणतणत आजोबांकडे गेली. आप्पा निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. किती वाजले विचारलं तर ते आधी घड्याळ कसं चालतं ते सांगत, म्हणून घरात त्यांना कोणी काही विचारत नसे.

"आप्पा, थोडक्यात सांगा. वर्गात येतं आणि घरी येत नाही, असं का?"

"वर्गात तू उत्तर कधी देतेस?"

"सगळे देतात तेव्हा."

"म्हणजे आधी ऐकतेस आणि मग म्हणतेस."

"एवढं काही नाही. लगेच म्हणते."

"लगेच म्हणजे मागूनच," आप्पा खूश होऊन म्हणाले. "आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. तुमचा वर्ग सात मीटरचा. शेजारच्याचा आवाज तुझ्या कानावर डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो. तू त्याचं पहिलं अक्षर ऐकून पुढचं जोडतेस. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे एकदम बोलले."

"आणि ऑनलाइन?"

"तिथे आवाजाचे तुकडे होतात, ते लांबच्या यंत्रापर्यंत जातात, परत जोडले जातात. यात विलंब (निघणं आणि पोचणं यांतला वेळ) होतो. शिवाय ती यंत्रणा एका वेळी एकाचाच आवाज पुढे सोडते. मग प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसतो."

ऋजुताने डोळे मिटून वर्ग आठवून पाहिला. मग म्हणाली, "मी माझ्या बाकावरच्या शार्दूलच्या मागून म्हणते. त्याला येतं."

शुक्रवारी आप्पा शाळेत आले. त्यांनी वर्गात चार माइक ठेवले, "फिनेस्त्राऽऽ" टिपून घेतलं आणि मग ते पन्नास पट हळू लावलं. आता सूर तुटला. एकेक आवाज सुटा झाला, रांगेत उभा असल्यासारखा. ऋजुताचा आवाज शार्दूलच्या मागून आला.

"बघा," ती म्हणाली.

"मी तन्वीरच्या मागून म्हणतो," शार्दूल म्हणाला.

"माझ्याकडे बघू नका," तन्वीर म्हणाला. "मी पुढून आवाज येतो त्याच्या मागून म्हणतो."

आप्पांनी आवाज पुन्हा लावला. सर्वांच्या आधी, अगदी हळू, कोणीतरी म्हणत होतं, "फि..." तो आवाज ब्रुनोचा होता.

ब्रुनोचा पंखा थांबला. त्याला शिकवायला तयार केलं तेव्हा शेकडो मराठी वर्गांचे आवाज ऐकवले होते. त्यांत प्रत्येक बाई प्रश्न विचारून उत्तराचं पहिलं अक्षर स्वतःच म्हणत, म्हणून तोही म्हणत होता. ऑनलाइन मात्र उत्तर ऐकताना माइक बंद ठेवायची शिस्त तो पाळी.

"म्हणजे या वर्गात इटालियन येणारा मी एकटाच," तो म्हणाला.

"आता यांना एकेकटं विचार," आप्पा म्हणाले, "आणि विचारल्यावर थांब. माणसाला आठवायला वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प राहणं हेही शिकवणंच."

ब्रुनोने ऋजुताला विचारलं आणि थांबला. वर्गात कधी नव्हे ती शांतता पसरली. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"फि," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फिनेस्त्रा." कोणीही मागून म्हणालं नाही. शब्द जरा वाकडा आला, पण तो तिचा एकटीचा होता, आणि दिवाळीपर्यंत असे पुष्कळ होतील असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"आता पहिलीत नाही ना बसायचं?" तिने विचारलं.

"उलगडा झाला," ब्रुनो म्हणाला. "तुम्हाला येत नाही, असा झाला."

पहिलीच्या मुलांना सुरात उत्तर द्यायची सवय अजून लागली नव्हती, त्यामुळे त्यांना चाळीस शब्द येत होते. सोमवारी ऋजुताला निषादने शिकवलं.